घर बदलताना टीव्हीच्या छत्रीची कंपनीही बदलताय? कोकणात या चुका टाळा

चिपळूणचा भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही गुहागरला सासऱ्यांच्या जुन्या घरात राहायला आलो, तेव्हा मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. आमचा टीव्ही छत्रीवर, म्हणजे उपग्रहावरून थेट घरात येणाऱ्या डीटीएचवर चालायचा. त्या जुन्या कनेक्शनचा रिचार्ज संपत आला होता आणि दुसऱ्या एका कंपनीची ऑफर स्वस्त दिसत होती. सामान हलतंच आहे, तर कंपनीही बदलून टाकू, असं ठरवलं आणि वर्षभराचे पैसे ऑनलाइन भरून मोकळे झालो. चार दिवसांनी छत्री बसवायला मुलगा आला. घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, मोबाइल आभाळाकडे धरून बघितलं आणि म्हणाला, "काकू, तुमचे माड आडवे येतायत. ह्या कंपनीचं सिग्नल इथे मिळायचं नाही."

शेजारच्या घरावर छत्री होती आणि तिथे टीव्ही व्यवस्थित चालू होता. पण ती छत्री वेगळ्या कंपनीची होती. भरलेले पैसे परत मिळायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस सासऱ्यांच्या सह्याद्री वाहिनीवरच्या सातच्या बातम्या चुकल्या, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या संध्याकाळचा तो ठरलेला अर्धा तास होता.

आमची चूक एवढीच झाली की आधी पॅक बघितला आणि आभाळ नंतर.

शेजाऱ्याकडे चालतं, म्हणजे आपल्याकडे चालेलच असं धरून चालणं

डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर, आपल्याला एकाच जागी स्थिर दिसतात. पण बहुतेक कंपन्यांचे उपग्रह वेगवेगळ्या जागी आहेत. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत, डीडी फ्री डिशचा (दूरदर्शनची मोफत सेवा) ९३.५ वर आणि एअरटेलचा १०८.२ वर. आपला किनारा ७३ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे हे सगळे आपल्या पूर्वेला आले. म्हणून कोकणातली कुठलीही छत्री सह्याद्रीकडे, आग्नेयेला तोंड करून असते. "समुद्राकडे सगळं मोकळं आहे, तिकडे लावा ना" असं पुष्कळ जण सांगतात. त्या बाजूचं मोकळं आभाळ या कामाला उपयोगी पडत नाही.

फरक किती पडतो ते पाहा. रत्नागिरी-गुहागर पट्ट्यातून बघितलं तर ८३ अंशांवरचा उपग्रह दक्षिणेकडे बराच कललेला आणि उंच, जमिनीपासून साधारण ६७ अंशांवर असतो. ९३.५ चा साधारण ६० अंशांवर येतो. १०८.२ चा बराच पूर्वेकडे असतो आणि ४५ अंशांच्या आसपासच राहतो. आता छत्रीच्या समोर, छत्रीपेक्षा १२ मीटर उंच शेंड्याचा माड आहे असं धरा. ४५ अंशांच्या उपग्रहासाठी तो माड १२ मीटरपेक्षा लांब हवा. ६७ अंशांसाठी पाच-सव्वापाच मीटर अंतर पुरतं. पण याचा अर्थ उंचावरचा उपग्रह सगळ्यांनाच सोयीचा, असा नाही. दिशाही बदलते ना! एखाद्या घराला दक्षिणेकडे गच्च आगर आणि पूर्वेला मोकळी वाट असेल, तर तिथे नेमकं उलट घडतं.

म्हणून पैसे भरण्याआधी छत्रीच्या ठरवलेल्या जागी स्वतः उभं राहा. मोबाइलमधल्या होकायंत्रावर आग्नेय दिशा बघा. पूर्वेपासून दक्षिणेपर्यंतच्या पट्ट्यात माड, फणस, आंबा, शेजारची नवी इमारत, डोंगराची धार यातलं काय काय येतं ते नीट पाहा. मग कंपनीला आधी माणूस पाठवून जागा बघायला सांगा, पैसे नंतर. हे मागायला संकोच करू नका. आणि आज दोन पुरुष उंच असलेलं कलम पाच वर्षांनी केवढं होईल, तोही विचार आत्ताच करा. माडाची झावळी वाऱ्याने हलते, त्यामुळे सिग्नल क्षणभर येतो, क्षणभर जातो. लोक बॉक्सला दोष देतात, पण दोष झावळीचा असतो.

डोंगराच्या पश्चिम उतारावर, अगदी कड्याखाली घर असेल, तर काही उपग्रह खरंच दिसत नाहीत. तिथे कंपनी निवडायला वावच राहत नाही.

जुनी छत्री तशीच चालेल असं समजणं

एका कंपनीचा सेटटॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही. प्रसारण कुलूपबंद असतं आणि किल्ली त्या-त्या कंपनीच्या बॉक्समध्ये किंवा कार्डात असते. पत्र्याची छत्री आणि केबल मात्र चांगल्या अवस्थेत असतील तर पुन्हा वापरता येतात. पण कंपनी बदलली की छत्रीची आडवी दिशा, वरचा कोन आणि पुढच्या दांड्यावरच्या एलएनबीचा (सिग्नल पकडणाऱ्या छोट्या डबीचा) पीळ, ही तिन्ही मापं नव्याने लावावी लागतात. पिळाकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. मग काही चॅनेल येतात आणि काही कायमचे गायब राहतात.

या छत्र्या दिसतात त्यापेक्षा वर बघत असतात, कारण एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे छत्री जवळजवळ उभी दिसली तरी "वाकडी बसवली" म्हणून हाताने ढकलू नका. अर्धा-एक अंश सरकली तरी पावसाळ्यात भोगावं लागतं.

चिऱ्याच्या भिंतीत बोल्ट ठोकणं

शहरात शिकून आलेली मुलं भिंत दिसली की ड्रिल लावतात. जांभा दगड सच्छिद्र आणि तुलनेने मऊ असतो. अँकर बोल्ट आज घट्ट वाटतो, पण पावसाळाभर वारा छत्रीला हलवत राहतो आणि भोक मोठं होत जातं. छत्री ही वाऱ्यासाठी शीडच असते. ३ जून २०२० चं निसर्ग आणि २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते ज्यांनी किनाऱ्यावर काढलं, त्यांना हे समजावून सांगायला नको.

स्लॅब असेल तर स्लॅबवर, नाहीतर पाण्याच्या टाकीच्या काँक्रीटवर छत्री बसवा. घर कौलारू असेल तर वाशाला किंवा कौलांवर मुळीच बांधू नका. आंगणात किंवा परसात खड्डा काढून जाड लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये उभा करा. पाइप ओळंब्यात आहे ना, हे बसवतानाच बघा, कारण पाइप तिरका असला की कोनांची सगळी मापं बिघडतात. खर्च थोडा वाढतो, पण छत्री हाताला येते. पुढे साफ करणं, बोल्ट आवळणं, माकडांनी हलवली तर पुन्हा लावणं सोपं जातं. वांदरांचा त्रास असलेल्या गावात छत्री झाडाच्या फांदीपासून त्यांच्या उडीच्या टप्प्याबाहेर हवी.

केबल एकसंध घ्या. मध्ये जोड म्हणजे पाणी शिरायला दार. तीस मीटरच्या आत भागलं तर उत्तम.

खाऱ्या हवेचा विचार न करणं

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर साधे नट-बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून एकजीव होतात. मग कोन बदलायचा म्हटलं तर पाना फिरत नाही आणि छत्रीच मोडते. बसवतानाच स्टेनलेस स्टीलचे किंवा चांगला जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट मागा. मिळत नसतील तर हार्डवेअरच्या दुकानातून आपण आणून द्या. दरवर्षी मेमध्ये त्यांना ग्रीस लावा.

सगळ्यात जास्त बिघाड एलएनबीच्या तोंडाशी, केबल जिथे पिळून बसवतात तिथे होतात. आतली तांब्याची तार हिरवी पडली असेल तर पाणी शिरलंय हे समजा. ती केबल पुसून उपयोग नाही. खराब भाग कापून नवीन कनेक्टर लावा, त्यावर पाणी न शिरणारी टेप गुंडाळा. केबल घरात शिरते तिथे बाहेरच्या बाजूला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी त्या झोळावरून खाली ठिबकतं, भोकातून आत येत नाही. पडवीतल्या भिंतीला ओल येण्याचं कारण कित्येकदा ही एवढीशी केबल असते.

पावसात सिग्नल गेला की लगेच तक्रार नोंदवणं

डीटीएचच्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या असतात. दाट पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. तिथे मुसळधार सरीत चित्र फुटणं कुठल्याच कंपनीला पूर्ण टाळता येत नाही. सर ओसरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत टीव्ही आपोआप सुरू झाला, तर बिघाड नाही. कुणाला बोलावू नका, भेटीचे पैसे वाया जातील.

पण बारीक भुरभुरीतही चित्र जात असेल, तर छत्री नेमकी लागलेली नाही, कनेक्टरमध्ये पाणी आहे किंवा झाड ओलं होऊन आडवं येतंय. यासाठी बसवायच्या दिवशीच हट्ट धरा. सिग्नल "मिळाला" एवढ्यावर त्या मुलाला जाऊ देऊ नका. "दादा, क्वालिटी अजून वर जाते का बघ," असं सांगून छत्री किंचित इकडे-तिकडे फिरवून सगळ्यात वरचा आकडा काढून घ्या. कोरड्या हवेत मिळवलेले चार गुण जुलैमध्ये कामी येतात. घर खूप पावसाच्या पट्ट्यात, घाटाच्या पायथ्याशी असेल, तर ६० ऐवजी ९० सेंटीमीटरची छत्री लावता येते का ते विचारा. तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट असतं.

बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात, ताकद आणि क्वालिटी. दोन्ही शून्य असतील तर केबल तुटली आहे किंवा एलएनबी गेला आहे. ताकद भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर वीज पोचतेय, पण छत्री भलतीकडे बघतेय. फोनवर हे दोन आकडे सांगितलेत तर येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो.

आणखी एक. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस रोज ठरावीक वेळी, भर उन्हात, काही मिनिटं टीव्ही बंद पडतो. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या किरणोत्सर्गात सिग्नल बुडतो. त्यावर काही करायचं नसतं.

जुनं कनेक्शन अर्धवट सोडणं

रिचार्ज केला नाही म्हणजे कनेक्शन बंद झालं, असं समजू नका. बॉक्स विकत घेतलेला आहे की भाड्याने, हे पावतीवर बघा. भाड्याचा असेल तर तो परत करून पोच घ्या आणि अनामत मागा. लांबच्या मुदतीचा पॅक शिल्लक असेल तर उरलेल्या पैशांचं काय, हे लेखी विचारा. नोंदवलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. आमच्याकडे तो दिराच्या जुन्या सिमवर होता, म्हणून एका साध्या विनंतीला आठवडा गेला. आणि मुळात कंपनी बदलायलाच हवी का, तेही तपासा. आहे तीच कंपनी नव्या पत्त्यावर हलवून देते, आणि नवं घर तयार व्हायला वेळ असेल तर कनेक्शन तात्पुरतं स्थगितही ठेवता येतं.

दरांची तुलना करताना फक्त पॅकचा आकडा बघू नका. नेटवर्क कपॅसिटी फीवरची (चॅनेल घरी पोचवण्यासाठी कंपनी घेते ती मूळ फी) ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, कमाल मर्यादा जुलै २०२४ मध्ये उठली, त्यामुळे ही फी आता सगळीकडे सारखी असेलच असं नाही. फी, चॅनेलचे पैसे, कर, बसवणावळ, दुसऱ्या टीव्हीचं कनेक्शन असं सगळं मिळवून महिन्याचा आकडा काढा. घरात मराठी चॅनेल आणि बातम्याच बघत असाल, तर फ्री डिशला महिन्याचे पैसे पडत नाहीत. आधी त्यावर आपल्याला हवं ते दिसतं का, तेवढं बघून घ्या.

कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका. खोटे नंबर टाकून बसलेले चोर असतात. ते ॲप टाकायला सांगतात, ओटीपी मागतात आणि खातं रिकामं होतं. नंबर बिलावरचा, बॉक्सवरचा किंवा कंपनीच्या ॲपमधलाच वापरा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे बसून सांगा, कारण टीव्ही बंद पडल्यावर दुपारी एकटं माणूस फोन करतं ते तेच. कंपनी दाद देत नसेल तर तक्रार क्रमांक घेऊन कंपनीच्याच नोडल अधिकाऱ्याकडे (वरच्या पातळीवर तक्रारी बघणाऱ्याकडे) जा, त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका.

गणपतीच्या तोंडावर काम काढणं

चाकरमानी यायच्या आधीच्या पंधरवड्यात गावोगावी बंद घरं उघडतात आणि प्रत्येकाला टीव्ही हवा असतो. छत्री लावणारी मुलं तालुक्यात मोजकीच. त्यात पाऊस, त्यात शेवाळलेले स्लॅब. घाईत चढून कुणाचा पाय घसरण्यापेक्षा काम मेच्या मध्यापर्यंत उरकलेलं बरं. तेही जमलं नाही तर सरळ दसऱ्यानंतर.

मे आणि ऑक्टोबरमध्ये विजा फार होतात. ढग गडगडायला लागले की टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढाच, शिवाय बॉक्समागची छत्रीची केबलही पिळून काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. विजेच्या धक्क्याने बॉक्स गेला असं वाटलं, तर आधी अॅडॉप्टर तपासा. व्होल्टेज वर-खाली होऊन बहुतेकदा तोच जातो. त्यावर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून नवा घेतला तर नवीन बॉक्सचा खर्च वाचतो.

आमची छत्री शेवटी विहिरीजवळच्या टाकीच्या स्लॅबवर लागली, दुसऱ्याच कंपनीची. आग्नेयेला दोन माडांच्या मधून जेमतेम वाट होती, ती त्या मुलाने शोधून काढली. केबल अठ्ठावीस मीटर लागली. सात वाजता सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज वाढवायला सांगितला.