दीड जीबीच्या पॅकवर लिनक्स कर्नेल: मोठी गिट रेपो थोडक्या इतिहासासह कशी उतरवावी

'रिसीव्हिंग ऑब्जेक्ट्स: ८३ टक्के' एवढं दाखवून टर्मिनल गप्प झालं. मग 'अर्ली ईओएफ' असं काहीतरी पुटपुटलं आणि प्रॉम्प्ट परत आला. गावी होतो, लिनक्स कर्नेलची (लिनक्सच्या गाभ्याची) गिट रेपो, म्हणजे कोड आणि त्याचा सगळा इतिहास असलेला साठा, क्लोन करत म्हणजे उतरवून घेत होतो. मोबाइलचा हॉटस्पॉट होता, रोजच्या दीड जीबीवर दोन डेटा व्हाउचर मारून झाली होती. निदान ८३ टक्के तरी पदरात पडले असतील म्हणून फोल्डर बघायला गेलो, तर फोल्डरच नाही. अर्धवट राहिलेला क्लोन गिट स्वतःच पुसून टाकतं आणि पुन्हा सुरू केला की पहिले पाढे पंचावन्न. जिथे थांबलो तिथून पुढे, ही सोय गिट क्लोनला नाही.

आणि मला हवं काय होतं? यूएसबीचा एक ड्रायव्हर वाचायचा होता. त्यासाठी एप्रिल २००५ पासूनच्या दहा लाखांहून जास्त कमिट (बदलांच्या नोंदी) मागवत बसलो होतो. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच.

पुढच्या आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. 'पत्ता' लिहिलंय तिथे रेपोची लिंक टाकायची. कर्नेलचा जनक लिनस टॉरवाल्ड्सचा मूळ ट्री, म्हणजे मूळ रेपो, गिट.कर्नेल.ऑर्गवर आहे, त्याची प्रत गिटहबवरही मिळते.

फक्त आजचा कोड हवा असेल तर

गिट क्लोन --डेप्थ १ पत्ता

एवढंच. शेवटचा एक कमिट आणि त्यातल्या फायली येतात, मागचं काही येत नाही. कर्नेलच्या बाबतीत अनेक जीबींचं काम साधारण अडीचशे-तीनशे एमबीत उरकतं. मात्र फायली उलगडल्यावर डिस्कवर एक जीबीहून जास्त जागा लागते, तेवढी आधी मोकळी ठेवा. ठरावीक आवृत्ती हवी असेल तर टॅगचं, म्हणजे त्या आवृत्तीला लावलेल्या खुणेचं, नाव द्यायचं:

गिट क्लोन --डेप्थ १ --ब्रँच व्ही६.६ पत्ता

यानंतर 'डिटॅच्ड हेड' म्हणून लांबलचक सूचना येते. घाबरायचं कारण नाही, तुम्ही ब्रँचवर (कामाच्या चालू शाखेवर) नसून टॅगवर उभे आहात एवढंच ती सांगते.

गिट लॉग (कमिटची यादी दाखवणारी आज्ञा) मारून बघा. एकच कमिट दिसेल आणि त्याच्या शेजारी 'ग्राफ्टेड' लिहिलेलं असेल. इतिहासाची दोरी इथे कापली आहे, असा त्याचा अर्थ. कुठे कापली याची नोंद .गिट फोल्डरमधल्या 'शॅलो' नावाच्या फायलीत असते. त्यामुळे अशा रेपोत गिट ब्लेम (कुठली ओळ कोणत्या कमिटनं आली ते दाखवणारी आज्ञा) मारलं तर सगळ्या ओळी त्या एकाच कमिटच्या नावावर दिसतात. नवख्या माणसाला वाटतं, याच पठ्ठ्यानं अख्खं कर्नेल लिहिलं! चूक कोणत्या कमिटनं शिरली ते शोधणारं गिट बायसेक्टही इथे कामाचं नाही, कारण शोधायला मागे काही नाहीच.

थोडा इतिहास हवा असेल तर

बरेच जण इथे --डेप्थ ५०० देतात आणि ५०० कमिट येतील असं धरून चालतात. तसं होत नाही. डेप्थ म्हणजे कमिटची संख्या नव्हे, टोकापासून मागे किती पायऱ्या जायचं ते. कर्नेलमध्ये मर्ज (एक ब्रँच दुसरीत मिसळणं) इतके आहेत की प्रत्येक पायरीला नवे फाटे फुटतात आणि ५०० पायऱ्यांत कितीतरी पट कमिट गोळा होतात. म्हणून मी तारीख देतो:

गिट क्लोन --शॅलो-सिन्स=२०२५-०१-०१ पत्ता

आधीच डेप्थ १ घेऊन ठेवलं असेल तर 'गिट फेच --डीपन=५०' करून हळूहळू मागे सरकता येतं. चांगलं वायफाय मिळालं की 'गिट फेच --अनशॅलो' करून सगळाच इतिहास आणायचा. डेप्थ किंवा शॅलो-सिन्स दिलं की गिट एकच ब्रँच आणतं, हेही लक्षात ठेवा. बाकीच्या हव्या असतील तर क्लोन करतानाच --नो-सिंगल-ब्रँच जोडा.

खरा फटका बसतो तो पुलला

डेप्थ १ करून खूश झालेला माणूस महिन्याभरानं सवयीनं गिट पुल (नवे बदल आणून आपल्या प्रतीत मिसळणारी आज्ञा) मारतो आणि पॅक संपवून बसतो. कारण असं, की दोरी कापली ती एका कमिटवर. नंतर जी ब्रँच मर्ज झाली ती त्या कमिटच्याही आधी फुटलेली असू शकते. तिच्या बाजूनं मागे जाताना वाटेत कापलेली जागा लागतच नाही, मग गिट तिचे वाडवडीलसुद्धा ओढून आणतं. नुसता वाचायला घेतलेला कोड असेल तर पुल नकोच:

गिट फेच --डेप्थ १
गिट रिसेट --हार्ड ओरिजिन/मास्टर

दुसऱ्या आज्ञेनं तुमचे कमिट न केलेले बदल पुसले जातात, ते आधी दुसरीकडे काढून ठेवा.

माझी आवडती पद्धत

एकच फोल्डर वाचायचं असेल तर मी हल्ली हे करतो:

गिट क्लोन --डेप्थ १ --फिल्टर=ब्लॉब:नन --स्पार्स पत्ता
गिट स्पार्स-चेकआउट सेट ड्रायव्हर्स/यूएसबी

दुसरी आज्ञा क्लोन झालेल्या फोल्डरमध्ये शिरून द्यायची. ब्लॉब म्हणजे फायलींचा मजकूर. तो सरसकट न आणता, स्पार्स-चेकआउटमध्ये जे फोल्डर सांगाल त्याचाच येतो. ही आज्ञा गिट २.२५ पासून, म्हणजे जानेवारी २०२० पासून आहे, तेव्हा 'गिट --व्हर्जन' करून आधी बघून घ्या.

ज्यांना त्या रेपोवर रोज काम करायचंय त्यांनी मात्र डेप्थ काढून टाकावं आणि नुसतं --फिल्टर=ब्लॉब:नन ठेवावं. सगळे कमिट येतात, लॉग पूर्ण दिसतो, आणि जुन्या फायली लागतील तशा सर्व्हरवरून येतात. कर्नेलसाठी हेही डाउनलोड काही लहान नाही, आणि ब्लेम मारताना नेट चालू लागतं. तरी वरची पुलची डोकेदुखी यात नाही.

आणि लाइन सारखी तुटत असेल पण इतिहास पूर्णच हवा असेल, तर कर्नेल.ऑर्गवर तयार बंडल फाइल, म्हणजे अख्खी रेपो एकाच फायलीत बांधलेली, मिळते. ती वीगेट (टर्मिनलमधून डाउनलोड करणारा प्रोग्रॅम) वापरून, त्याला -सी देऊन उतरवायची. तुटलं तर पुन्हा तीच आज्ञा, जिथे थांबलं तिथून पुढे. मग त्या फायलीवरूनच क्लोन करायचा, 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन पत्ता' करून खरा पत्ता द्यायचा आणि उरलेलं पुलनं आणायचं. त्या दिवशी मला हे माहीत असतं तर दोन व्हाउचर वाचली असती.

विंडोजवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. कर्नेलमध्ये फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असलेल्या फायलींच्या जोड्या आहेत, मुख्यतः नेटफिल्टरच्या (कर्नेलमधल्या फायरवॉलच्या भागाच्या) फोल्डरांत. विंडोज त्यांना एकच फाइल समजतं, आणि तुम्ही काही न छेडताही गिट स्टेटस 'मॉडिफाइड' म्हणून ओरडतं. डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) आतल्या होम फोल्डरमध्ये क्लोन केलात तर हा त्रास होत नाही.