शुगरवाल्याच्या पायाची जखम चिघळली? दुसरी गोळी सुरू करायच्या आधी हे वाचा

कापूस वेचणी चालू होती तेव्हाची गोष्ट. आमच्या आबांच्या डाव्या पायात, अंगठ्याच्या खाली, बाभळीचा काटा घुसला आणि त्यांना कळलंच नाही. बारा-तेरा वर्षांची शुगर, तळपायाची जाणीव गेलेली. खाटेवरच्या चादरीला पिवळा डाग दिसला तेव्हा आईच्या लक्षात आलं. आबा म्हणे, "माले काहीच दुखत नही रे भो," आणि आम्ही पण दुखत नाही म्हणजे साधंच असेल असं धरून चाललो. हीच पहिली चूक.

दुसरी चूक मेडिकलवरून झाली. पाच दिवस अमॉक्सिक्लॅव्ह ही अँटिबायोटिक गोळी, उतार नाही म्हणून सेफिक्झिम, मग कोणीतरी सांगितलं म्हणून लेव्होफ्लॉक्सासिन, मग तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात रोज एक इंजेक्शन. सहा आठवडे गेले आणि या सहा आठवड्यांत एकानेही जखमेतला तुकडा तपासायला पाठवला नाही, आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. शेवटी कल्चर झालं, म्हणजे जखमेतले जंतू लॅबमध्ये वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघितलं, तेव्हा रिपोर्टवर वीसेक औषधांची नावं आणि त्यातल्या तीन सोडून सगळ्यांपुढे आर, आर, आर, म्हणजे लागू नाही. दोन बोटं काढावी लागली. म्हणून बसून लिहितोय, आपल्याकडे घरटी एक शुगरवाला आहे आणि शेतात पाय उघडाच असतो. मी डॉक्टर नाही, पण दोन वर्षं हेच केलंय आणि चांगल्या डॉक्टरांना विचारून विचारून शिकलोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अँटिबायोटिक जखम भरत नाही, ते फक्त इन्फेक्शन मारतं. उघड्या जखमेवर जंतू असतातच, तुमच्या माझ्या खरचटण्यावर पण असतात. त्यामुळे जखम आहे पण इन्फेक्शन नाही, अशा वेळी गोळ्या खाल्ल्या तर जखमेला काही फायदा नाही, उलट साधे जंतू मरतात आणि गोळीला न जुमानणारे मागे उरून तिथेच वाढतात. आबांच्या पायात आम्ही सहा आठवडे हेच केलं.

मग इन्फेक्शन आहे हे ओळखायचं कसं? लाली, सूज, गरमपणा, दुखणं किंवा दाबल्यावर हुळहुळणं, आणि पू. यातली किमान दोन लक्षणं दिसली तर डॉक्टर त्याला इन्फेक्शन धरतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू आधी चांगल्या पायाला लावा, मग जखमेच्या पायाला, फरक लगेच कळतो. लाली किंवा सूज जिथे संपते तिथे बॉलपेनने रेघ मारून तारीख-वेळ लिहा, मोबाईलमध्ये फोटो काढा. जखमेच्या कडेपासून लाली 2 सेंटीमीटरच्या पुढे गेली तर प्रकरण साधं राहिलं नाही. पण पाय दुखत नाही म्हणून निवांत राहू नका, नसा मेलेल्या पायाला दुखतच नाही.

आता कल्चर. यावर जरा वेळ घालवतो कारण सगळा खेळ इथेच आहे. इन्फेक्शन दिसतंय आणि डॉक्टर अँटिबायोटिक लिहितायत तर पहिला डोस जायच्या आधी विचारायचं, "डॉक्टरसाहेब, कल्चरला पाठवायचं का?" नम्रपणे विचारा पण विचारा. जखमेवरून नुसता कापसाचा बोळा फिरवून घेतलेला नमुना फार कामाचा नसतो, त्यात वरवरचे जंतू येतात, खाली खरं कोण बसलंय ते कळत नाही. आधी जखम धुवून, मेलेलं मांस काढून, मग खोलवरचा छोटा तुकडा घ्यायचा असतो. तो तुकडा कल्चरसाठी फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या रसायनात, टाकायचा नाही, त्यात जंतू मरतात आणि रिपोर्ट येतो "काही वाढलं नाही". फॉर्मलिन बायोप्सीला (तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायला) लागतं, कल्चरला निर्जंतुक डबी लागते, गरज पडली तर आत सलाईनचे दोन थेंब. पुष्कळदा ही डबी नातेवाईकाच्याच हातात देतात, म्हणून आपल्याला माहीत पाहिजे. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास असतो, डबी गाडीच्या डिकीत टाकून रसवंतीवर थांबू नका, सरळ लॅबला द्या, शक्यतो दोन तासांच्या आत. गोळ्या आधीच चालू असतील तर नावं आणि दिवस डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका, थांबवून कल्चर घ्यायचं की तसंच, ते डॉक्टर पेशंटची तब्येत बघून ठरवतील.

गावात लॅब नसेल तर धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे मायक्रोबायोलॉजी म्हणजे जंतू तपासायचा विभाग असतो. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, सरकारच्या महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

रिपोर्ट यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध चालू करतात, ते बरोबरच आहे. रिपोर्ट आला की त्यानुसार औषध बदलायचं की तेच ठेवायचं ते ठरतं, म्हणून रिपोर्ट घेऊन परत जायचंच. आमच्या ओळखीचे एक काका रिपोर्ट कपाटात ठेवून जुन्याच गोळ्या खात राहिले. रिपोर्टमध्ये एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे नाही, आय म्हणजे डोस वाढवला तर चालू शकतं. पुढे एमआयसीचे आकडे असतात, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती औषध लागतं ते, ते दोन वेगवेगळ्या औषधांचे एकमेकांशी ताडून बघायचे नाहीत, ज्याचा आकडा कमी ते औषध जास्त पॉवरचं असं काही नसतं. वर जंतूचं नाव असतं, स्टॅफिलोकोकस, स्युडोमोनास, ई कोलाय, क्लेबसिएला असं काहीतरी. एमआरएसए किंवा ईएसबीएल (गोळ्यांना न जुमानणाऱ्या जंतूंची ही नावं) असं लिहिलेलं दिसलं तर समजा की नेहमीच्या पुष्कळ गोळ्या इथे चालणार नाहीत. घाबरून जाऊ नका, औषधं असतात, फक्त ती निवडायचं काम मेडिकलवाल्याचं नाही. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच1 ही सरकारी औषधांची यादी लागू आहे, त्यातली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दुकानदाराने त्याची नोंद रजिस्टरमध्ये करून ते 3 वर्षं ठेवायचं असा नियम आहे. तो दुकानदाराला अडकवायला नाही, आपल्याच पायासाठी आहे.

मोठी औषधं चालू झाली की रक्त तपासत राहावं लागतं. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर प्लेटलेट उतरू शकतात, दर आठवड्याला सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी. अमिकासिन, कोलिस्टिन ही अँटिबायोटिक्स किडनीवर जातात, क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी बघायची. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, ग्लिमेपिराईड ही शुगरची गोळी चालू असताना लेव्होफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. आबांची रात्री दोनला 52 झाली होती, अंगाला दरदरून घाम, अंथरूण ओलं, आईने साखरेचं पाणी पाजलं तेव्हा बोलायला लागले. इन्सुलिनवाल्यांनी लिनेझोलिडच्या वेळी पण मीटर उशाशी ठेवा.

कोर्स किती दिवसांचा? नुसत्या मांसातलं इन्फेक्शन असेल तर बहुतेक एक ते दोन आठवडे. हाडात गेलं असेल आणि हाड काढलं नसेल तर साधारण 6 आठवडे. हाड तपासायला डॉक्टर जखमेत बोथट सळई घालून बघतात, कडक टेकलं तर संशय, मग एक्सरे, ईएसआर ही रक्ततपासणी, कधी एमआरआय. जखम पूर्ण भरेपर्यंत गोळ्या खायच्या नसतात. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी बंद पण नाही आणि भीती वाटते म्हणून महिनाभर जास्त पण नाही.

आणि गोळी बरोबर असली तरी पायावर वजन पडत राहिलं तर जखम भरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आबा ड्रेसिंग करून आले की चालत गोठ्यात. शेवटी गुडघ्यापर्यंतचं काढता न येणारं प्लास्टर घातलं तेव्हा जखम आकसायला लागली. इन्फेक्शन किंवा रक्तपुरवठ्याची मोठी अडचण असेल तर ते प्लास्टर चालत नाही, म्हणून आधी पायाचा डॉपलर, म्हणजे रक्तपुरवठा बघायची तपासणी, करून घ्या. रक्तच पोचत नसेल तर औषध तरी तिथे कसं पोचणार?

हळद, चुना, तंबाखू, राख, शेण, यातलं काहीही जखमेत भरायचं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतायचं नाही, नवं येणारं मांस पण जळतं. कुरूप ब्लेडने घरी कापायचं नाही. गरम पाण्यात पाय शेकायचा नाही, चटका बसलेला कळणार नाही. ड्रेसिंग करणाऱ्याने आधी आणि नंतर साबणाने हात धुवा, कात्री-टॉवेल त्या पायाचा वेगळा ठेवा, हे जंतू हाताने घरभर फिरतात.

पेनच्या रेघेबाहेर लाली गेली, बोट काळं पडलं, सडका वास, कातडीखाली दाबल्यावर करकर लागतं, थंडी-ताप, पेशंट गुंगीत, किंवा कारण नसताना शुगर 300-400 ला चाललीये, यातलं एक जरी दिसलं तरी उद्याची ओपीडी बघू नका, रात्रीच ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.

चैत्रात आपल्याकडची किती माणसं सप्तशृंगीला अनवाणी पायी जातात, आबा पण जायचे. आता एमसीआरची, म्हणजे मऊ रबरी तळाची, चप्पल घालून, गडावर गाडीने. देवीला चप्पल चालते का म्हणून ते आठ दिवस गप्प बसले होते, मग आईच म्हणाली, पाय राहिला तर पुढच्या चैत्राला येता येईल ना. रोज संध्याकाळी पाय धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, आरसा खाली धरून तळवा बघायचा, हे काम आम्ही त्यांच्या नातीला दिलंय. ती चप्पल पण उलटी करून बघते. गेल्या आठवड्यात तळात आरपार घुसलेला सराटा तिनेच काढला, आत टोक जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढं आलं होतं, आणि आबा दिवसभर तीच चप्पल घालून फिरले होते.