इंटरनॅशनल लॉ सोसायटी चालवायची असेल तर सुरुवात वाचनापासून करा

कॉलेजमध्ये अशी सोसायटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याचं विद्यार्थी मंडळ, काढायची ठरली की पहिल्या मीटिंगमध्ये लोगो, पोस्टर आणि "मोठा गेस्ट कोणाला बोलवायचा" यावरच सगळा उत्साह खर्च होतो आणि सेमिस्टर संपेपर्यंत सोसायटी फक्त इन्स्टावर उरते. माझं ठाम मत आहे की आधी रीडिंग सर्कल सुरू करा, मूट (काल्पनिक खटल्यावर कोर्टासारखा युक्तिवाद करायची स्पर्धा) वगैरे सगळं त्यातूनच उभं राहतं.

दर पंधरा दिवसांनी एक जजमेंट घ्यायचं. वार ठरलेला, वेळ ठरलेली, आठ-दहा जण आले तरी भरपूर झाले. देशादेशांतले खटले चालवणाऱ्या हेगच्या इंटरनॅशनल कोर्ट ऑफ जस्टिसची जजमेंट्स कोर्टाच्याच वेबसाइटवर फुकट मिळतात, त्यामुळे पुस्तकं नाहीत ही सबब चालत नाही.

पहिल्यांदा कॉर्फू चॅनल केस घ्या असं मी सांगेन, कारण गोष्ट लगेच समजते आणि भांडायला भरपूर जागा आहे. ऑक्टोबर 1946 मध्ये अल्बानियाच्या हद्दीतल्या पाण्यातून जाणाऱ्या ब्रिटिश युद्धनौका सुरुंगांवर आदळल्या, 44 जण गेले. 1949 मध्ये कोर्टाने 11 विरुद्ध 5 मतांनी अल्बानियाला जबाबदार धरलं, पण सुरुंग त्यांनीच पेरले हे सिद्ध झालं म्हणून नाही, तर त्यांना पत्ता लागू न देता ते पेरणं शक्यच नव्हतं आणि तरी त्यांनी जहाजांना सावध केलं नाही म्हणून. आणि त्याच निकालात कोर्टाने एकमताने असंही म्हटलं की नंतर नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश नौदलाने स्वतःच घुसून सुरुंग काढले, हा अल्बानियाच्या सार्वभौमत्वाचा भंग होता.

आता कामं वाटून द्या. एकाने फक्त घडलं काय ते पाच मिनिटांत सांगायचं, कायद्याचा एक शब्दही नाही. दुसऱ्याने ब्रिटनची बाजू, तिसऱ्याने अल्बानियाची, आणि चौथ्याने ज्या न्यायाधीशांना निकाल पटला नाही त्यांची मतं वाचून यायचं. हा चौथा माणूस विसरू नका, खरा वाद तिथेच पेटतो. मग सगळ्यांना एकच प्रश्न टाका: पुरावा जर समोरच्या देशाच्या ताब्यातल्या जागेत असेल तर कोर्टाने अंदाजावर कुठवर जायचं? ज्युनियर्सना आधी बोलू द्या, सिनियर्स सुरू झाले की बाकीचे गप्प बसतात हे सगळीकडेच होतं.

पुढच्या वेळी 2019 चा कुलभूषण जाधव यांचा निकाल घ्या. पाकिस्तानने 1963 च्या कॉन्सुलर रिलेशन्सवरच्या व्हिएन्ना कन्व्हेन्शनचं कलम 36 (परदेशात अटक झालेल्याला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क करू देण्याचं) मोडलं असं कोर्टाने म्हटलं, पण सुटका करा असं नाही, शिक्षेचा प्रभावी फेरविचार करा असं सांगितलं. असं का, यावर तासभर सहज जातो आणि कोर्टाच्या अधिकाराच्या मर्यादा आपोआप डोक्यात शिरतात.

असं चार-पाच वेळा झालं की मूटची टीम कोणाची करायची ते दिसायला लागतं. इंग्रजी कोणाचं फाडफाड आहे ते बघू नका, परिच्छेदाच्या नंबरासकट उत्तर कोण देतंय ते बघा. जेसप ही यातली सगळ्यात मोठी स्पर्धा, 1960 पासून चालू आहे, आणि तिच्यात खटल्यातल्या दोन्ही देशांच्या बाजूने मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, लिहावं लागतं. ज्याला आपल्या विरोधातला मुद्दा मनापासून लिहिता येत नाही त्याचं तिथे अवघड होतं.

तोंडी प्रॅक्टिसला बेंचवर, म्हणजे न्यायाधीशांच्या जागी, तिघांना बसवा आणि त्यांना मधेच तोडायला सांगा. "कौन्सेल, तुमच्या देशाने हा करार रॅटिफाय केलाय का?" (म्हणजे अधिकृतपणे स्वीकारलाय का) असं विचारलं की बहुतेक जण आधी करार कधी झाला, कशासाठी झाला तिथपासून सुरू करतात. सवय अशी लावा की आधी हो किंवा नाही, मग कारण, मग आधार कुठला ते, आणि मग सोडलेल्या मुद्द्यावर परत. नुसतं एवढंच आठवडाभर घोटून घ्या, फरक लगेच कळतो. आणि हो, टीमबाहेरच्यांची मदत किती चालते याचे प्रत्येक स्पर्धेचे नियम असतात, ते पहिल्याच दिवशी सगळ्यांनी वाचायचे.

गेस्ट लेक्चर जरूर ठेवा पण पाहुण्यांना आधीच तीन प्रश्न पाठवा, आणि ऐकणाऱ्यांनीही त्या विषयावरची दहा पानं वाचून यायचं, नाहीतर शेवटी सेल्फी सोडून हाती काही लागत नाही. मॉक सिक्युरिटी कौन्सिल (यूएनच्या सुरक्षा परिषदेची नक्कल) फर्स्ट इयरवाल्यांसाठी मस्त आहे, ठराव पास व्हायला 15 पैकी 9 मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणाचाही व्हेटो पडता कामा नये हे एकदा स्वतः खेळून बघितलं की पाठ करावं लागत नाही. हेगच्या कोर्टातल्या खऱ्या सुनावण्याही यूएन वेब टीव्हीवर दिसतात, एखादी सगळ्यांनी मिळून बघा.

एक काम मात्र वर्ष संपायच्या आत उरका. मेमोरियल्स, बेंचचे प्रश्न, कोणत्या तारखेला कोणतं जजमेंट झालं, सगळे पासवर्ड, हे एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये टाकून परीक्षेच्या आधीच नव्या टीमच्या हातात द्या, आणि शेवटची दोन रीडिंग सर्कल्स त्यांनाच चालवू द्या, तुम्ही नुसते ऐकायला बसा.