१ जुलैच्या आधी: क्लबच्या नव्या सेक्रेटरीसाठी तयारीची यादी

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. सेक्रेटरीचं वर्ष मात्र मे महिन्यातच सुरू व्हायला हवं. मी ते जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू केलं आणि दिवाळीपर्यंत निस्तरत बसलो. म्हणून आमच्या तालुक्याच्या गावच्या क्लबात जे नवे सेक्रेटरी येताहेत त्यांच्यासाठी, आणि ‘तुम्हीच व्हा हो या वर्षी’ म्हणून ज्यांच्या गळ्यात कुठेही ही माळ पडली आहे त्यांच्यासाठी, हे लिहून ठेवतोय. लायन्सचं वर्षही जुलैतच सुरू होतं, तेव्हा कोटावरची पिन वेगळी असली तरी यातलं बरंच तिकडेही चालेल.

पहिलं काम बँकेचं. पदग्रहणाचा हॉल, अध्यक्षांच्या गळ्यात घालायची कॉलर, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचं जेवण हे सगळं कुणी ना कुणी बघतंच, कारण ते दिसतं. खात्यावरच्या सह्या बदलायचं कुणाच्या लक्षात नसतं. बँकेला ठरावाची प्रत लागते, तो ज्या सभेत झाला तिची तारीख लागते, नव्या तिन्ही पदाधिकाऱ्यांचं केवायसी लागतं, आणि आमच्या शाखेत तर तिघांना एकाच वेळी समोर उभं राहावं लागलं. आमचे खजिनदार कापडाचे व्यापारी, त्यांना लग्नसराईत दुकान सोडवेना. परिणाम असा की जुलै-ऑगस्टमध्ये क्लबचा एकही चेक निघाला नाही आणि केटररचं बिल मी खिशातून भरलं. तेव्हा ठराव मेच्या सभेतच घ्या आणि इतिवृत्तात शब्दशः लिहा. क्लबचा वेगळा नोंदणीकृत ट्रस्ट असेल आणि विश्वस्त बदलले असतील, तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. मागच्या तीन-चार वर्षांचे राहिलेले असतील तर वकिलांना आत्ताच गाठा. देणगीचं पावतीपुस्तक ताब्यात घेताना शेवटच्या पावतीचा नंबर लिहून सही घ्या. आणि देणगीदारांना आधीच सांगा की रोखीने २,००० रुपयांच्या वर दिलं तर देणगीवरची आयकराची सवलत (जिला सगळे ८०जी म्हणतात) मिळत नाही. नंतर सांगितलं की माणूस नाराज होतो, आणि तोही आपल्यावर.

मग सभासदांची यादी. रोटरी इंटरनॅशनलची वर्गणी १ जुलै आणि १ जानेवारीला पटावर असलेल्या डोक्यांवर आकारली जाते. जे गृहस्थ दोन वर्षं फिरकलेले नाहीत, त्यांना जूनमध्ये एकदा घरी जाऊन भेटा. यायचं असेल तर आनंद, नसेल तर राजीनामा ३० जूनच्या आत लिहून घ्या, नाहीतर त्यांचे सहा महिन्यांचे पैसे क्लब भरत बसतो. फोनवर हे बोलू नका. फोनवर सगळेच ‘येतो येतो’ म्हणतात. यादी हातात आहेच तर प्रत्येकाचा रक्तगट, वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस पुन्हा विचारून घ्या. आमच्या यादीतली एका जोडप्याची लग्नाची तारीख चुकलेली होती आणि आम्ही तीन वर्षं चुकीच्या दिवशी टाळ्या वाजवल्या. तेही बिचारे हसून उठून उभे राहायचे.

आता सभा. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्याचे तीन मित्र आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमायचे, त्या फिरण्यावरूनच ‘रोटरी’ हे नाव पडलं. आमची सभा फिरत नाही, एकाच मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये होते, पण तयारी दर वेळी नव्यानेच करावी लागते. २०१६ पासून नियम सैल झाले आहेत आणि महिन्याला किमान दोन सभा पुरतात. आमच्या क्लबात दर आठवड्याला सभा हवीच असा आग्रह धरणारे तीन ज्येष्ठ आहेत. त्यांच्याशी वाद घालू नका. दोन सभा वक्त्याच्या ठेवा, एक नुसत्या गप्पांची, एक कामाच्या आढाव्याची, म्हणजे वक्ता शोधताना दमछाक होत नाही.

वक्ता ठरवला की त्याला तीनदा फोन करायचा: महिनाभर आधी, तीन दिवस आधी आणि त्या दिवशी दुपारी. बोलायला किती वेळ आहे ते आकड्यात सांगा. ‘थोडं बोला’ म्हटलं की माणूस सव्वा तास बोलतो, २५ मिनिटं म्हटलं की ३५मध्ये आटपतो. परिचय त्याच्याकडूनच चार ओळींत लिहून मागवा आणि नावाचा उच्चार विचारून घ्या. हॉलवर अर्धा तास आधी पोचा आणि माइक हातात धरून स्वतः बोलून बघा, ‘हॅलो हॅलो’ नव्हे, दोन पूर्ण वाक्यं. प्रोजेक्टरची वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, समईचं तेल, वाती आणि काडेपेटी या पाच वस्तूंची एक पिशवी करून गाडीतच ठेवा. समई लावताना तिच्यावरचा पंखा बंद करायला एका माणसाला नेमा. हे हास्यास्पद वाटेल, पण प्रमुख पाहुणे सातवी काडी ओढताहेत आणि फोटोग्राफर वाट बघतोय, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. ताटांचा आकडा केटररला दुपारी चारपर्यंत द्यायचा, आणि ‘बघतो’ म्हणणाऱ्यांना अर्ध्याने धरायचं. इतिवृत्त त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी सूचक-अनुमोदक आठवत नाहीत आणि मग कोणाचंही नाव घातलं जातं.

उपक्रमांकडे वळतो, कारण खरी गडबड तिथे होते. आमच्याकडे तारखा क्लबच्या सोयीने ठरतात: पदग्रहण झालं, उत्साह आहे, चला जुलैत रक्तदान शिबिर घेऊ. माझ्या वर्षी तेच केलं. त्याच पंधरवड्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं शिबिर होतं, एका पतसंस्थेचं होतं, आणि आम्ही तिसरे. जेमतेम तीस पिशव्या झाल्या. पुढच्या मे महिन्यात त्याच रक्तपेढीतून फोन आला की काहीही करून दहा-बारा दाते पाठवा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रक्त साठवून ठेवायची वस्तू नाही. लाल पेशी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस. जुलैतला ढीग मेपर्यंत पोचतच नाही. म्हणून शिबिराची तारीख ठरवायच्या आधी रक्तपेढीला विचारा की तुम्हाला कधी कमी पडतं. उत्तर बहुधा उन्हाळ्याची सुट्टी किंवा दिवाळीच्या आसपासचे दिवस असंच येईल, कारण तेव्हा कॉलेजं बंद असतात आणि माणसं गावी गेलेली असतात.

तारीख पक्की करताना कालनिर्णय उघडून बसा. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार टाळा. उपाशीपोटी रक्त देऊ देत नाहीत आणि आपले निम्मे दाते उपास मोडत नाहीत. महावितरणचा शटडाउन कोणत्या वारी असतो तेही बघा, आमच्याकडे तो गुरुवारी असतो. जागा तळमजल्यावरची घ्या, पंखा, उजेड, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह असलेली. पहिल्या वर्षी आम्ही फुकट मिळाला म्हणून वरच्या मजल्यावरचा हॉल घेतला होता. एक तरणाबांड पोरगा रक्त देऊन उठला आणि जिन्यात मटकन खाली बसला. त्याला काही झालं नाही, पण खाली रांगेत उभे असलेले चौघे तेवढ्यात पसार झाले. रक्त दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवायला आणि चहा-बिस्किट हातात द्यायला एक गोड बोलणारा सभासद नेमा, अध्यक्षांना नको. ते फोटोत असतात.

निकष आधीच कळवा म्हणजे माणसं हेलपाटा घालत नाहीत: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून जास्त, आधीच्या रक्तदानाला पुरुषांसाठी तीन आणि स्त्रियांसाठी चार महिने झालेले. हिमोग्लोबिनमुळे परत जाणाऱ्यांत बायका जास्त असतात आणि त्या ओशाळतात. त्यांच्यासाठी शेजारीच क्लबातल्या एखाद्या डॉक्टरांना बसवा, म्हणजे रक्त नाही तर सल्ला तरी पदरात पडतो. रक्तपेढीला दात्यांचा अंदाज खरा सांगा. ५० ते ७० पिशव्या तीन तासांत घ्यायच्या तर त्यांना नियमाने एक डॉक्टर, दोन नर्स, तीन तंत्रज्ञ आणि गाडी पाठवावी लागते. आपण शंभर सांगून तीसच जमवले तर पुढच्या वेळी ते आपला फोन उचलताना विचार करतात. हेल्मेट, टिफिन, कुपनं वाटायचा मोह आवरा. पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून देशात बंदी आहे. वस्तूच्या आशेने येणाराही मग आपला आजार लपवतो, आणि त्याचा भुर्दंड रुग्णाला पडतो. दात्याने भरलेला फॉर्म रक्तपेढीचा, आपल्या हातात नको. तपासणीत काही निघालं तर ते त्यालाच एकट्याला कळवतात. आपलं काम एवढंच की फोन नंबर नीट लिहिला आहे ना ते त्याच्याकडून वाचून घ्यायचं.

वृक्षारोपणाचंही तसंच. ते दरवर्षी जुलैत होतं आणि फोटोतलं झाड पुढच्या होळीला नसतं. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणा, दोन बाय दोन बाय दोन फुटांचे, म्हणजे ऊन खाऊन किडे मरतात. पहिला चांगला पाऊस झाला की शेणखत आणि माती भरून रोप लावा. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत आधी सांगून ठेवा आणि हातभर उंचीची नको, कमरेएवढी मागा, शेळीच्या तोंडाचा विचार करून. कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा, वड घ्या. सुबाभूळ फुकट मिळतो म्हणून घेऊ नका. आणि पाचशे रोपांचा ठराव करण्याआधी फेब्रुवारी ते मे पाणी कोण घालणार त्याचं नाव लिहा. नाव एकच सापडलं तर रोपं पंचवीसच लावा. माझ्या वर्षाची एकोणीस जगली आहेत, तालुका क्रीडासंकुलाच्या मागे, जाऊन बघा.

डोळ्यांच्या शिबिराला वार आणि हंगाम दोन्ही बघावे लागतात. पेरणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत म्हातारीला घेऊन यायला घरी कुणी मोकळं नसतं, त्यामुळे दिवाळीनंतरचे दिवस बरे. गावोगावच्या आशाताईंना महिनाभर आधी भेटा, मोतीबिंदूची माणसं त्यांना नावानिशी ठाऊक असतात. तपासणी शाळेत चालेल, शस्त्रक्रिया मात्र रुग्णालयातच. साखर आणि रक्तदाब आधी तपासून घेतला नाही तर जीप भरून नेलेली निम्मी माणसं तशीच परत येतात. सोबत एक नातेवाईक, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आधार कार्ड हवं. जीपचा खर्च जाण्यायेण्याचा धरतात आणि आठवड्याने पुन्हा तपासणीला न्यायचं असतं ते विसरतात. तो दुसरा फेरा अंदाजपत्रकात आत्ताच लिहा.

पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर दोन सभासद, एक छत्री आणि पाण्याचा जार एवढं पुरतं. ‘आता पोलिओ कुठाय?’ असं कुणीतरी विचारेलच. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला, पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ला मिळालं, पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, म्हणून थेंब चालू आहेत. बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावायचं काम आरोग्यसेविकांचं, आपण गर्दी आवरायची आणि बाळाच्या आजीशी बोलायचं.

शाळांना वह्या द्यायच्या असतील तर मुख्याध्यापकांना एप्रिलमध्येच विचारा की खरंच वह्या हव्यात का. आम्हाला एकांनी सांगितलं, वह्या ढीगभर आल्यात, नळाला तोट्या नाहीत. तोट्यांचा खर्च वह्यांच्या पाव हिश्शात भागला. फोटो चांगला आला नाही.

गव्हर्नर (म्हणजे आपल्या भागातल्या रोटरी क्लबांचे प्रमुख) भेटीला येतात त्याची फाइल, अहवाल, ऑनलाइन नोंदी हे दर महिन्याच्या ५ तारखेला उरकत गेलात तर जड जात नाही, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. कपाटाच्या दोन्ही किल्ल्या, इतिवृत्ताची नऊ पुस्तकं आणि पाहुण्या क्लबांनी दिलेले झेंडे मी मोजून ठेवलेत, या रविवारी सकाळी घरी येऊन सही करून घेऊन जा. सभेची पितळी घंटाही त्यातच आहे. तिचा लाकडी हातोडा मात्र गेल्या गणपतीपासून सापडत नाही, आम्ही वर्षभर चमच्याने भागवलं. १ जुलैच्या आधी सुताराकडून एक करून घ्या.