बाईकला महागडा स्पार्क प्लग घालावा का? घालायचा तर कसा?

नवा महागडा इरिडियम प्लग घातला आणि गाडी पहिल्याच किकला सुरू झाली, पिकअप सुधारला, मिसिंग गेलं, असं सांगणारे बहुतेक जण खरंच सांगत असतात. फक्त त्यांनी काढून टाकलेला जुना प्लग पंधरा-वीस हजार किलोमीटर चाललेला असतो. त्या जागी साधा निकेलचा नवा प्लग घातला असता तरी गाडी अशीच पळाली असती. महागडा प्लग घ्यायचा की नाही हे ठरवताना तुलना नव्याची नव्याशी करायला हवी. तशी केली की ताकदीचा फरक जवळपास संपतो. उरतो तो टिकाऊपणाचा फरक आणि काही ठरावीक गाड्यांमध्ये सुरू होण्यातला.

जास्तीचे पैसे कशाचे?

साध्या प्लगला बाजारात ‘कॉपर’ म्हणतात, पण तांबं असतं ते आत गाभ्यात, उष्णता वाहून न्यायला. ठिणगी पडते ते टोक निकेलच्या मिश्रधातूचं आणि साधारण २.५ मिमी जाड असतं. इरिडियम प्लगचं टोक ०.४ ते ०.६ मिमी, म्हणजे पेन्सिलच्या बारीक शिशाएवढं. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला आणि इरिडियम २,४४६ ला. निकेलचं टोक इतकं बारीक केलं तर ते बघता बघता झिजून जाईल. इरिडियमचं टिकतं, आणि पैसे मोजायचे ते त्याचेच.

बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडी मारते. शिवाय मिक्श्चर (पेट्रोल आणि हवेचं मिश्रण) पेटल्यावर ज्योतीचा जो पहिला इवलासा ठिपका तयार होतो, त्याची उष्णता जाड टोक शोषून घेतं आणि बारीक टोक कमी घेतं. त्यामुळे पेटणं जिथे काठावर असतं तिथे फायदा दिसतो: गार पडलेलं इंजिन, उतरत चाललेली बॅटरी, प्लगला उच्च व्होल्टेज देणारी जुनी कॉइल, आयडलिंगला धडपडणारा कार्ब्युरेटर. धडधाकट इंजिन मोकळ्या रस्त्यावर पळत असताना मिक्श्चर साध्या प्लगनेही पेटतंच. एकदा पेटल्यावर ताकद किती निघायची ते कॉम्प्रेशन, टायमिंग आणि मिक्श्चर ठरवतं. खोक्यावर काहीही छापलेलं असो, प्लग बदलून टॉप स्पीड वाढत नाही.

मधल्या टोकासमोर वाकलेली जी पट्टी असते, ज्यावर ठिणगी पडते, तशा दोन-तीन पट्ट्यांचे किंवा चिरलेल्या पट्टीचे प्लगही असतात. ठिणगी एका वेळी एकाच पट्टीवर पडते. जास्त पट्ट्यांमुळे झीज वाटली जाते, एवढाच त्यांचा उपयोग.

कोणी घ्यावा, कोणी नाही

कंपनीनेच गाडीला इरिडियम दिलेला असेल तर प्रश्नच नाही, तोच घाला. तिथे साधा प्लग घालून पैसे वाचवले असं वाटतं, पण पुस्तिकेतला बदलायचा अंतराल इरिडियमच्या हिशोबाने लिहिलेला असतो. साधा प्लग तिथवर पोचत नाही, गॅप (टोक आणि पट्टी यांच्यातलं अंतर) वाढते आणि भुर्दंड कॉइलला बसतो.

चार सिलिंडरची किंवा फेअरिंगवाली गाडी असेल, प्लगपर्यंत जायला टाकी आणि एअरबॉक्स उतरवावा लागत असेल, तरीही घ्या. तिथे मजुरी प्लगपेक्षा महाग पडते आणि दरवेळी सगळं उघडताना एखादी क्लिप तुटतेच. बाहेर उभ्या राहणाऱ्या, सकाळी दहा किका मागणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गाडीलाही फायदा होतो. अट एवढीच की कॅप (प्लगच्या शेंड्यावर बसणारी टोपी), कॉइल आणि चोक आधी तपासलेले हवेत.

एक सिलिंडर, समोर दिसणारा प्लग, पाच मिनिटांचं काम: अशा गाडीला चांगल्या कंपनीचा साधा प्लग वेळेवर बदलत राहणं पुरेसं आहे. हिशोब सोपा आहे. किंमत किती पट आणि आयुष्य किती पट हे शेजारी मांडा. इरिडियम तिप्पट किमतीचा आणि आयुष्य दुप्पट असेल, तर किलोमीटरमागे तो दीडपट महाग पडला. साधा प्लग बाईकमध्ये ८ ते १२ हजार किलोमीटर धरावा.

ऑइल पिणाऱ्या इंजिनात मात्र इरिडियम म्हणजे पैसे पाण्यात. प्लग कुठलाही असो, तो तेलकट होणारच. साधा निदान तारेच्या ब्रशने घासता येतो. इरिडियमचं टोक ठिसूळ असतं, ब्रश लावला की गेलं.

आयुष्याबाबत एक मेख आहे. स्वस्तातल्या इरिडियम प्लगांमध्ये मधलं टोक तेवढं इरिडियमचं असतं, वरून वाकलेली पट्टी निकेलचीच. दोन्हीकडे मौल्यवान धातू असलेले प्लग वेगळे आणि आणखी महाग. दोन सिलिंडरना मिळून एकच कॉइल असलेल्या गाड्यांत एका प्लगमध्ये ठिणगी उलट्या दिशेने जाते. तिथे झिजते ती पट्टी, आणि ती निकेलची असेल तर इरिडियमच्या टोकाचा उपयोग अर्धाच. एक सिलिंडरच्या कित्येक गाड्यांतही फ्लायव्हीलवरच्या पिकअपमुळे (ठिणगीची वेळ सांगणाऱ्या सेन्सरमुळे) क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. ६,००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या, त्यातल्या ५० कामाच्या. वाया जाणारी ठिणगी कमी दाबात पडते, म्हणून झीज अगदी दुप्पट होत नाही, पण होते. इरिडियम प्लग ‘लाख किलोमीटर’ टिकतो असं जे ऐकू येतं, तो आकडा मोटारींकडून उसना आणलेला असतो.

नंबर वाचता आला पाहिजे

धातूपेक्षा नंबर महत्त्वाचा. चुकीचा इरिडियम घालण्यापेक्षा बरोबर नंबरचा साधा प्लग शंभर पटींनी बरा. उदाहरणार्थ, एनजीके कंपनीचा सीआर८ई हा नंबर बघा. ‘सी’ म्हणजे १० मिमीचे आटे आणि १६ मिमीचा पाना. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, विद्युत गोंगाट दाबणारा रोध. ‘८’ ही हीट रेंज, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा आकडा. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. ‘सी’च्या जागी ‘डी’ असेल तर आटे १२ मिमीचे, ‘बी’ असेल तर १४ मिमीचे. ‘ई’च्या जागी ‘एच’ असेल तर लांबी १२.७ मिमी. मध्ये ‘पी’ आला तर चिनी मातीचं नाक बाहेर आलेलं असतं. शेवटी ‘-९’ असेल तर गॅप ०.९ मिमी. याच प्लगचा इरिडियम भाऊ सीआर८ईआयएक्स.

आट्यांची लांबी चुकली तर गंमत नाही. लांब प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला भिडू शकतो. आखूड घातला तर हेडमधल्या (सिलिंडरच्या झाकणातल्या) उघड्या आट्यांत कार्बन साचतो आणि पुढे योग्य प्लग बसवताना आटे मरतात.

हीट रेंजमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो. प्लगच्या नाकाचं तापमान साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली काजळी जळून जात नाही. त्यावर गेलं तर प्लगच मिक्श्चर आधी पेटवतो, आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. एक नंबर बदलला की नाकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी सरकतं. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलटं. म्हणून कंपनी बदलताना आकडा जुळवू नका, तक्ता बघा. ‘रेसिंगसाठी थंड प्लग’ घालून गावात फिरणाऱ्या गाडीचा प्लग महिनाभरात काळा होतो आणि दोष पेट्रोलला दिला जातो.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला ‘आर’ नसलेला प्लग घालू नका. ठिणगीचा विद्युत गोंगाट ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकापर्यंत जातो.

बनावट प्लग इरिडियममध्येच जास्त, कारण नफा तिथे. हातात घेऊन तीन गोष्टी बघा. वॉशर आट्यांवर अडकलेला असावा, सहज गळून पडू नये. मधलं टोक आणि पट्टी एका रेषेत हवी आणि टोकाचं वेल्डिंग गोल, एकसारखं. मग मल्टिमीटर लावा. डोक्यापासून मधल्या टोकापर्यंत साधारण ५ किलोओहम दिसायला हवेत. शून्य दिसलं तर ‘आर’ नुसता छापलेला आहे. डोकं आणि धातूचं अंग यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये.

बसवताना

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग ओढला की आटे सोबत येतात. कॅप वायरला धरून ओढू नका, बुडाशी धरून थोडी फिरवत काढा. आता प्लगभोवती हवा मारा. खड्ड्यात साचलेली वाळू प्लग काढल्यावर सरळ सिलिंडरमध्ये पडते. त्याच खड्ड्याला पाणी जायला बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलेलं असेल तर तारेने मोकळं करा, पावसाळ्यातलं अर्धं मिसिंग इथूनच येतं.

जुना प्लग लगेच फेकू नका, बघा. बदामी किंवा राखाडी: सगळं ठीक. कोरडी काळी काजळी: मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), एअर फिल्टर चोंदलेला किंवा फार छोट्या फेऱ्या. ओला, तेलकट: रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. पांढराफटक, फोड आल्यासारखा: लीन मिक्श्चर (पेट्रोल कमी), कुठेतरी हवा ओढतेय किंवा प्लग गरम नंबरचा आहे. यातलं काही असेल तर आधी ते दुरुस्त करा, नव्या प्लगचीही तीच गत होणार आहे. पांढऱ्या चिनी मातीवर धातूच्या कडेलगत तपकिरी वळं दिसलं तर घाबरू नका. ते गळतीचं लक्षण नाही, उच्च व्होल्टेजने ओढलेली धूळ-तेलाची पुटं असतात.

नव्या प्लगची गॅप तपासा. इरिडियमला गोल नाण्यासारखं गेज घुसवू नका, तारेचं गेज वापरा. वाकवायची ती फक्त वरची पट्टी, मधल्या टोकावर जोर देऊन काहीही करायचं नाही. शेंड्यावरची नट बघा. काही कॅपना ती लागते, काहींना काढावी लागते. लागत असेल तर पकडीने कसून घ्या. सैल नटेमुळे गाडी झटके खाते आणि माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो.

प्लग खाली टाकू नका. पडला तर चिनी मातीला केसाएवढी चीर जाते, डोळ्यांना दिसत नाही, पण ठिणगी तिथूनच निसटते.

आता प्लगच्या शेंड्यावर पेट्रोलच्या पाइपचा वीतभर तुकडा घट्ट खोचा आणि त्याने प्लग फिरवत आत सोडा. आटे तिरके लागले तर पाइप शेंड्यावर घसरतो, पाना मात्र बिनबोभाट आटे कापत जातो. चार-पाच फेरे हातानेच जायला हवेत. अडला की मागे फिरवून पुन्हा लावा.

कसताना पुस्तिकेतला आकडा पहिला. तो हाताशी नसेल तर १० मिमीच्या आट्यांना १० ते १२ न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १४ मिमीला २५ ते ३०. टॉर्क रेंच नसेल तर वॉशर टेकल्यानंतर नवा प्लग अर्धा फेरा, घड्याळाच्या बारावरून सहावर. वापरलेला प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो. बारावरून एकवर, बस. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावायची गरज नाही. ते लावून त्याच टॉर्कला कसलं तर प्रत्यक्षात जास्त ताण बसतो आणि १० मिमीचा प्लग मोडूही शकतो. सैल ठेवणंही वाईट: प्लगची उष्णता वॉशर आणि आट्यांतूनच हेडमध्ये उतरते. वाट तुटली की बरोबर नंबरचा प्लगही तापून लाल होतो.

शेवटी कॅप ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा.

प्लग बदलूनही मिसिंग राहिलं तर पुढचा संशय कॅपवर घ्या. बऱ्याच कॅप वायरवर स्क्रूसारख्या फिरवून बसवलेल्या असतात. उलटी फिरवून काढा, वायरचं हिरवं पडलेलं टोक पाच मिमी कापा आणि परत घट्ट फिरवा. हे करून पाहायला खर्च शून्य. रात्री अंधारात इंजिन चालू करून कॅपभोवती निळी ठिणगी नाचताना दिसली तर कॅपच बदला. ठिणगी तपासायची झाली तर प्लग कॅपमध्ये घालून त्याचं अंग इंजिनला घट्ट टेकवूनच तपासा, आणि प्लगच्या उघड्या भोकापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. कॅप मोकळी ठेवून किक मारली तर कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी सोडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जायची भीती.

काढलेला प्लग धड असेल तर गॅप नीट करून त्याच्या खोक्यात घाला आणि प्लग पान्यासोबत सीटखाली ठेवा. इरिडियम घातलेल्या गाडीतही तो रस्त्यात चालतो, नंबर तोच असला म्हणजे झालं.