'जबाबदार कोण?' या प्रश्नानं माझा पेपर कसा घालवला

एमएच्या पहिल्या वर्षी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकावरच्या 'मॅकबेथच्या अधःपाताला जबाबदार कोण' या प्रश्नाला मला 16 पैकी 4 मार्क पडले, आणि पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा हाच प्रश्न सगळ्यात भारी गेलाय असं वाटत होतं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

गोष्ट (सरदार मॅकबेथ चेटकिणींचं भविष्य ऐकून राजा डंकनचा खून करतो आणि गादीवर बसतो), ॲरिस्टॉटल, हॅमार्शिया म्हणजे शोकांतिकेतल्या नायकाची घातक चूक, हे सगळं तुम्हाला येतंच. फक्त हॅमार्शिया म्हणजे 'स्वभावदोष' असं पाठ करू नका, मूळ ग्रीक शब्दात नेम चुकणं असा अर्थ आहे. ग्रीक शोकांतिकेतला ईडिपस तिठ्यावर ज्याला मारतो तो आपला बाप आहे हे त्याला ठाऊकच नसतं, तिथं नुसतं 'तापट होता' लिहून भागत नाही.

आता मी कुठं फसलो ते. कोल्हापुरात राजारामपुरीत खोली होती, खालच्या झेरॉक्सवाल्याकडं तयार नोट्स मिळायच्या, त्यात लेडी मॅकबेथ म्हणजे चौथी चेटकीण, तिनंच नवऱ्याचं वाटोळं केलं असं होतं, आणि मी तेच चार पानं लिहिलं. पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश बघा, मॅकबेथ म्हणतो आता पुढं जायचं नाही, ती त्याचं पुरुषपण काढते, तो तयार होतो. इथवर नोट्स बरोबर. पण त्याच्या आधी तिसऱ्या प्रवेशात, ती स्टेजवर यायच्या आधीच, खुनाचा विचार येऊन त्याच्या अंगावर काटा आलेला असतो! चेटकिणी राजा होशील म्हणाल्या, खून कर असं कोण म्हणालं? त्याचा साथीदार सरदार बँको शेजारीच उभा होता, तुझ्या वंशात राजे होतील असं त्यालाही सांगितलं, त्यानं कुठं सुरी उचलली? आणि तिसऱ्या अंकात त्याच बँकोला मारायला मॅकबेथ मारेकरी ठरवतो तेव्हा बायकोला कळूही देत नाही, तुला माहीत नसलेलंच बरं म्हणतो. विरोधात गेलेल्या सरदार मॅकडफच्या बायकापोरांना मारलं त्यातही ती नाही. डंकनच्या खुनात तिचा हात आहेच, पहारेकऱ्यांना रक्त तिनंच फासलं. पण ढकलणं वेगळं आणि पुढं स्वतःच्या पायानं चालत जाणं वेगळं, मी दोन्ही एकच धरलं.

त्यानंतर रूममेट आणि मी रोज संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर मूळ नाटक मोठ्यानं वाचायचो. प्रत्येक वळणाला थांबून एकच विचारायचं, इथून माघारी फिरता आलं असतं का, आणि ते कुणाच्या हातात होतं. तयार नोट्स देणाऱ्या सरांपेक्षा 'कुठल्या प्रवेशात आहे ते दाखव' म्हणणारे सर धरा, ते लई छळतात पण तेच कामाला येतात.

शेक्सपिअरच्याच 'किंग लिअर'मध्ये पण हेच होतं, म्हातारा राजा लिअर दोन पोरींना राज्य वाटून देतो आणि मग त्या त्याचे हाल करतात. आपल्याकडं वाटणीनंतर म्हाताऱ्यांचे झालेले हाल आपण बघितलेले असतात, त्यामुळं सगळा राग दोन पोरींवर निघतो. पोरी क्रूर आहेतच. पण पहिल्याच प्रवेशात त्याचा इमानी सरदार केंट तोंडावर सांगतो की चुकतोयस, आणि लिअर त्याला देशाबाहेर काढतो, हा प्रसंग सोडून लिहिलेलं उत्तर अर्धंच.

घाबरू नका, एकच बरोबर नाव कुणी मागत नाही. चेटकिणींवर भर द्या, बायकोवर द्या, चालतं, फक्त बँको तिथं होता याचं उत्तर तुमच्या पानावर पाहिजे. पुढच्या वेळी मी बँकोपासूनच सुरुवात केली, 16 पैकी 11 पडले.