दंडावरची खरखर : माझा अनुभव

दंडांवर आणि मांड्यांवर मोहरीएवढे खरखरीत पुरळ मला शाळेपासून आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी त्याचे नाव केराटोसिस पिलारिस असे सांगितले. यात केराटिन हे प्रथिन केसांच्या मुळांशी साचून छिद्रे बुजवते. हा विकार संसर्गजन्य नाही, बहुधा आनुवंशिक असतो आणि तो मुळापासून जात नाही, हे समजल्यावर माझी निम्मी चिंता मिटली.

तोपर्यंत मी मसूर डाळीचे पीठ, लिंबू, एवढेच काय, टाचा घासायची वज्रीसुद्धा दंडांवर चालवली होती आणि प्रत्येक वेळी पुरळ लालभडक होऊन आग होत असे. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, हवा कोरडी असते आणि नेमकी तेव्हाच खरखर वाढते. त्यात मी कढत पाण्याने अंघोळ करीत असे, ही चूक माझीच.

आता मी कोमट पाण्याने, सौम्य साबण लावून, दहा मिनिटांत अंघोळ उरकतो. आपला सोलापुरी टॉवेल पाणी उत्तम टिपतो, परंतु त्याने अंग रगडायचे नाही, केवळ टिपायचे, आणि त्वचा ओलसर असतानाच १० टक्के युरिया असलेले क्रीम लावायचे. क्रीम संपले की खोबरेल तेल लावतो. त्याने कोरडेपणा कमी होतो, पुरळ मात्र फारसे बसत नाहीत. दीड-दोन महिन्यांत दंड बरेच मऊ झाले. मध्येच आठवडाभर कंटाळा केला, तर खरखर परत आली.